कोपऱ्यात कोण उभं राहणार?

पुण्यात कर्वेनगरच्या उड्डाणपुलापासून वारज्याच्या दिशेने संध्याकाळी सहानंतर चालत निघा. दुकानांच्या वरच्या मजल्यांवरून पॅडवर बसणाऱ्या ठोशांचे आवाज येतात. कराटे आणि तायक्वांदो इथे जुनेच. आता किकबॉक्सिंग आलं, मुए थाई आलं, एमएमए आलं. खाली स्कूटर लावून आया थांबलेल्या असतात आणि जिन्याशी फलक असतो: तीन महिन्यांचे इतके, सहा महिन्यांचे इतके, वर्षाचे एकरकमी भरले तर एवढी सूट.

हे क्लास वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. मुलं तासभर मोबाइलला हात लावत नाहीत. मुली पोटातून ओरडायला शिकतात. 1900 साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यातून आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर आणला, तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. त्याच हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, कॉलेजच्या मुली पाय फिरवून लाथ कशी मारायची ते शिकतात. चांगलंच झालं.

राग येतो तो आपण पालक जे विचारतो त्याचा, आणि त्याहून जास्त जे विचारत नाही त्याचा. फी किती? हप्ते चालतील का? एसी आहे का? पुढचा बेल्ट किती महिन्यांत? दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील का? सगळं विचारून होतं. पोराच्या डोक्याला फटका बसला तर त्याला किती दिवस घरी बसवता, हे कोणी विचारत नाही. लढत चालू असताना ती थांबवायचा निर्णय कोण घेणार, हेही कोणी विचारत नाही.

पोहायच्या तलावावर जीवरक्षक दिसला नाही तर आपण मुलाला पाण्यात सोडत नाही. इथे मात्र मुलाच्या समोर दुसरा मुलगा ठोसे मारायला उभा असतो आणि आपण खाली भाजी निवडत बसतो.

महाराष्ट्राला हे कळायला हवं होतं 1952 मध्येच. खाशाबा जाधवांची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पैशांची बाजूही आपल्याला पाठ आहे. सरकारी मदत पुरेशी नव्हती, गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! इथपर्यंत आलो की आपले डोळे भरतात आणि आपण थांबतो.

पुढचं सांगत नाही. हेलसिंकीत दमछाक करणारी एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव याच्याशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. तो नियम पुढे करून पंचांशी वाद घालायला त्या वेळी मॅटपाशी एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. त्या अर्ध्या तासाने पदकाचा रंग बदलला असता की नाही, यावर पैज लावण्यात अर्थ नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता आणि तो मागणारं माणूस जागेवर नव्हतं.

घर गहाण पडलं, पैसा आला, प्रवासाचं भाडं निघालं. कोपऱ्यात उभा राहणारा माणूस तेवढा नव्हता. सत्तर वर्षांनंतर आपण तीच चूक हप्त्याहप्त्याने करतोय, आणि तीही फी भरून.

लढणाऱ्याला स्वतःचं थांबणं कळत नाही. त्याला तसंच तयार केलेलं असतं. दुखलं तरी पुढे जायचं, ही त्याची शिकवण. म्हणून थांबायचं कधी, हे ठरवायचं काम दुसऱ्याकडे असतं. त्या दुसऱ्यालाच प्रशिक्षक म्हणायचं. पॅड धरणारा, शिट्टी फुंकणारा, रीलसाठी शूटिंग करणारा कोणीही मिळेल.

1 ऑक्टोबर 1975 ला मनिलात महंमद अली आणि जो फ्रेझर चौदा फेऱ्या लढले. फ्रेझरचा एक डोळा पूर्ण मिटला होता, दुसऱ्याने नीट दिसत नव्हतं. फक्त एक फेरी उरली होती. फ्रेझर उठायला तयार होता. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने पंचाला सांगून लढत तिथेच सोडली. जगज्जेतेपदाची लढत, एक फेरी बाकी, आणि फचने आपल्या माणसाला खाली बसवलं. रिंगमध्ये माणसं मरताना त्याने पाहिली होती. फ्रेझर त्या दिवशी चिडला, पण पुढे तो 2011 पर्यंत जगला. मुष्टियुद्धाच्या इतिहासात त्या लढतीतल्या ठोशांइतकाच मान फचच्या त्या एका निर्णयाला आहे.

असा माणूस कर्वेनगरातही भेटतो. एका क्लासमध्ये मी तो पाहिला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करताना कानाच्या वर फटका खाऊन गुडघ्यावर आला. लगेच उठला, हसला, पुन्हा गार्ड लावला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षकाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मुलाला भिंतीशी बसवून आज वार कोणता, समोर कोण होतं, आधी कोणाशी खेळलास, असं शांतपणे विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला मुलगा अडखळला. प्रशिक्षकाने त्याचे ग्लव्हज स्वतः सोडले आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग वडिलांना वर बोलावून घेतलं. आज डॉक्टरकडे न्या, रात्री उलटी झाली किंवा डोकं जास्त दुखलं तर सरळ हॉस्पिटल, आणि महिनाभर स्पारिंग बंद. वडील म्हणाले, अहो, दोन आठवड्यांवर जिल्हास्तर आहे, प्रवेश फी भरलीये. प्रशिक्षक म्हणाला, यंदा नाही. वडिलांचा आवाज चढला. त्याचा चढला नाही. तो पुन्हा म्हणाला, यंदा नाही.

त्या "यंदा नाही"साठी मी दुप्पट फी देईन.

महिना हा काही त्याच्या मनाचा आकडा नव्हता. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावरच्या फटक्याने नॉकआउट झालेल्याला किमान 30 दिवस रिंगबाहेर ठेवतात. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर 90 दिवस. वर्षात तिसऱ्यांदा झालं तर वर्षभर. मेंदू पहिल्या धक्क्यातून सावरलेला नसताना दुसरा बसला, तर तो दुसरा हलका असला तरी मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. लहान वयात हा धोका जास्त मानतात. स्पर्धेत डॉक्टर असतात, तिथे नोंद होते. क्लासमधल्या फटक्याची नोंद कुठे होते? बहुतेक ठिकाणी कुठेच नाही. मुलगा घरी येऊन "डोकं जड झालंय" म्हणतो, आपण त्याला बाम लावून झोपवतो आणि परवा पुन्हा पाठवतो.

जुलै 2022 मध्ये बंगळुरात के-वन किकबॉक्सिंगच्या लढतीत म्हैसूरचा एक तरुण ठोसा बसून कोसळला आणि दोन-तीन दिवसांत दगावला. घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली की लढतीच्या जागी ना डॉक्टर होता, ना ऑक्सिजन, ना स्ट्रेचर, ना रुग्णवाहिका. अशा लढती आपल्याकडेही होतात. हॉल भाड्याने घेतात, बॅनर लावतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात, डीजे ठेवतात. प्रशिक्षक आपापली पोरं घेऊन येतात. आल्यावर रुग्णवाहिका कुठे उभी आहे हे आधी पाहायचं, आणि ती नसेल तर पोरांना घेऊन परत फिरायचं. हे काम आयोजकाचं आहे असं म्हणून प्रशिक्षकाला हात झटकता येणार नाहीत. पोरगं आयोजकाचं नाही. ते त्याच्या क्लासचा टी-शर्ट घालून आलेलं आहे.

आता वजनाकडे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात भर उन्हात रेनकोट घालून पळणारी शाळकरी मुलं कधी पाहिलीत? मी पाहिली आहेत. पाणी बंद, जेवण बंद, खालच्या गटात बसायचं म्हणून. चौदा वर्षांच्या वाढत्या अंगातलं पाणी पिळून काढायचं आणि त्याला डावपेच म्हणायचं. अमेरिकेत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि वजनासाठी सॉना यांवर बंदी आली, वजनाचे नियम बदलले. आपल्या पोरांच्या अंगावर 2020 च्या दशकातही रेनकोट आहे.

विनेश फोगाटचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ऑगस्ट 2024, पॅरिस, 50 किलो गट. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी 100 ग्रॅम उरले. त्या रात्री तिच्या जिवाची भीती वाटली होती, असं तिच्या हंगेरियन प्रशिक्षकानेच नंतर लिहिलं. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी चार दिवसांत जाहीर केलं की वजन सांभाळणं ही खेळाडूची आणि त्याच्या प्रशिक्षकाची जबाबदारी, संघटनेच्या वैद्यकीय पथकाची नव्हे. त्या वेळी ते वाक्य मला निर्दय वाटलं होतं, कारण ते वेळ चुकवून आलं होतं. पण त्यातला प्रशिक्षकाबद्दलचा भाग खरा आहे. मोठ्या खेळाडूच्या बाबतीत ही जबाबदारी निम्मी-निम्मी. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती पूर्णपणे मोठ्या माणसाची. मुलाने पाणी सोडलं, कारण सर म्हणाले. दुसरं काही कारण नसतं.

मग फीकडे येऊ, कारण आपण पुणेकर तिकडे येणारच.

यंत्रांच्या जिमचं अर्थकारण साधं आहे. वर्षाची फी जानेवारीत घ्यायची, मार्चपर्यंत निम्मे लोक यायचे बंद होतात, उरलेल्यांना जागा पुरते. न येणाऱ्यांच्या पैशावर येणाऱ्यांचा एसी चालतो. ट्रेडमिलवर एकटा पळणारा माणूस फारसा कोणाला दुखवत नाही, म्हणून तिथे हे खपून जातं. लढायच्या क्लासने हेच गणित उचललं आहे, आणि इथे ते घातक आहे. इथे येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला मारणार असतो. चाळीस मुलांच्या बॅचमध्ये एक प्रशिक्षक म्हणजे वीस जोड्या एकाच वेळी भिडलेल्या आणि डोळे दोनच. तो कितीही चांगला असो, उरलेल्या एकोणीस जोड्यांत काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

यात आपला वाटा मोठा आहे. समोरचा क्लास दोनशे रुपयांनी स्वस्त म्हटलं की आपण मुलगा उचलून तिकडे नेतो. कर्वेनगरात वरच्या मजल्याचं भाडं, मॅट, वीज, सगळं वाढत चाललं. फी वाढवायची सोय नाही, मग प्रशिक्षक बॅच वाढवतो. स्पारिंगच्या दिवशी मदतीला दुसरा माणूस ठेवत नाही, कारण त्याला पगार कुठून देणार? म्हणून माझं म्हणणं उलटं आहे: चांगल्या प्रशिक्षकाची फी वाढू द्या. पण त्या वाढीतून काय मिळणार ते त्याच्याकडून कबूल करून घ्या. कमी मुलांची बॅच, स्पारिंगला दुसरी देखरेख, प्रथमोपचार शिकलेला माणूस. नवीन आरसे आणि रंगीत दिवे नकोत.

सरकारने जिमच्या फीवरचा कर कमी केला आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जिम आणि फिटनेस सेंटरच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. 15,000 रुपयांच्या वार्षिक फीवर आधी 2,700 रुपये कर लागायचा, आता 750. म्हणजे 1,950 रुपये वाचायला हवेत. मालकाची बाजूही आहे: 5 टक्क्यांच्या दरात त्याला भाड्यावर किंवा सामानावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे मूळ फी थोडी चढली तर समजून घेता येईल. पण फलकावरचा एकूण आकडा जसाच्या तसा असेल, तर त्यातला कर किती आणि फी किती, हे पावतीवर लिहून मागा. ज्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेण्याचा अधिकारच नाही.

"भरलेली फी परत मिळणार नाही" हा शिक्का पावतीवर असतो. शिक्का मारल्याने कायदा बदलत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवेत खोट असूनही ती मागे न घेणं आणि पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांची मुदत धरतात. जो प्रशिक्षक पाहून तुम्ही वर्षाची फी भरली तो दोन महिन्यांत सोडून गेला आणि त्याच्या जागी बारावीचा विद्यार्थी शिकवायला उभा केला, तर ती सेवेतली खोट नव्हे तर काय? 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फिरवा. आणि मुळात लढायच्या क्लासला वर्षाची फी एकदम भरूच नका. तीन महिन्यांत प्रशिक्षक कसा आहे ते कळतं.

दुसरा कागद सहीला येतो तो "इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही" असा. आपण न वाचता सही करतो. खेळात खरचटणं, नाक फुटणं, बोट मुरगळणं हे धरूनच आपण मुलाला पाठवतो, त्यापुरती ती सही ठीक. पण निष्काळजीपणा त्या सहीने माफ होत नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथे तुमच्या सहीचा कागद प्रशिक्षकाला वाचवत नाही. हे प्रशिक्षकांनीही नीट समजून घ्यावं. कागद फाडा आणि त्याऐवजी विमा काढा.

बेल्टांबद्दल दोनच वाक्यं. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी, आणि नापास कोणीच नाही, असं जिथे चालतं तिथून आठ-नऊ वर्षांचे ब्लॅकबेल्ट तयार होतात आणि त्यांच्या आईवडिलांना वाटतं की मूल आता सुरक्षित झालं. कराटेत संघटनांचा घोळ इतका की 2020 मध्ये भारतातल्या जुन्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता जागतिक महासंघाने काढून घेतली, तेव्हा भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर नाव कोणाचं आहे ते एकदा वाचाच.

पुण्याला या बाबतीत शिकायला मनिलाला जायची गरज नाही. पेठेत जा. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम. लाल मातीच्या हौदात उतरणाऱ्या पोराला तालमीची फी फार नसते, त्याचा खरा खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदामाची थंडाई, यात गावाकडच्या बापाचं उत्पन्न जातं. पण वस्ताद तिथेच राहतो. पोरगं किती वाजता उठलं, जोर किती मारले, ताप असताना माती अंगाला लावली का, कुठल्या जत्रेत कोणाशी जोड लावायची आणि कोणाशी अजून दोन वर्षं लावायची नाही, हे सगळं तो ठरवतो. कच्चा पठ्ठ्या मोठ्या इनामासाठी पक्क्या पैलवानापुढे टाकणाऱ्या वस्तादाला आखाड्यात मान राहत नाही. हरिश्चंद्र बिराजदार मामांनी गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवले. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्या हाताखाली वाढला, पुढे काका पवारांकडे शिकला. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण त्याने तेव्हा हयात नसलेल्या बिराजदार मामांना अर्पण केलं. सात वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला पदक द्यावंसं का वाटतं, याचा विचार वार्षिक फी घेणाऱ्यांनी करावा.

तालमीत सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणत नाही. वस्तादाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, यातून मारझोडही झाली आहे, दुखणं लपवणंही झालं आहे. मुलींना तर ते दार कालपरवापर्यंत बंद होतं. आणि मुलींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. कुस्ती, ज्यूदो, ग्रॅपलिंग यांत शिकवताना अंगाला हात लागतोच. त्यामुळे दार उघडं असणं, वर्गात दुसरं मोठं माणूस असणं, बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत महिला प्रशिक्षक असणं, हे ऐच्छिक असू शकत नाही. एका सायकलपटूच्या तक्रारीनंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने जून 2022 मध्ये मुली असलेल्या संघासोबत महिला प्रशिक्षक सक्तीची केली. तो नियम राष्ट्रीय संघांसाठी आहे. कर्वेनगरातून सातारला किंवा नाशिकला स्पर्धेसाठी बसने जाणाऱ्या मुलींना तो का नको? इथे वसतिगृहांत आणि कॉटबेसिसवर राहणाऱ्या शेकडो मुली आहेत. त्यांचे आईवडील लातूर-परभणीला असतात. खाली स्कूटर लावून थांबायला त्यांचं कोणी नाही. त्यांच्या बाबतीत प्रशिक्षकाची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

महापालिकेलाही एक विचारायचं आहे. बागेबागेत ओपन जिम बसवल्या, प्रत्येक यंत्रावर माननीयांचं नाव रंगवलं. व्यायामशाळांच्या इमारती बांधून संस्थांना चालवायला दिल्या. त्या इमारतींतल्या एखाद्या हॉलमध्ये संध्याकाळी बॉक्सिंग किंवा ज्यूदोचा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून शिकून आलेला प्रशिक्षक पगारावर का ठेवत नाही? गोसावी वस्तीतल्या मुलाला हजार-दीड हजार महिना परवडत नाही. त्याला आज बागेतलं गंजलेलं यंत्र मिळतं आणि शिकवायला मोबाइलवरचा व्हिडिओ. तोही लढायला शिकतोच, फक्त त्याला थांबवणारं कोणी नसतं. आणि ज्याला कराटेचा क्लास काढायचाय त्याच्याकडे आज प्रशिक्षक म्हणून कोणी परवाना मागत नाही. पानाची टपरी काढायला जास्त कागद लागतात.

प्रशिक्षकांनो, तुमच्यातल्या अनेकांना मी ओळखतो. सकाळी शाळेत पीटी, दुपारी घरोघरी शिकवण्या, संध्याकाळी क्लास. गुडघे गेलेले, हातात फार काही उरत नाही, तरी मॅट रोज स्वतः पुसता. तुमच्या कष्टाबद्दल शंका नाही. मागणं एवढंच आहे की एक वही ठेवा. कोणाला कधी कुठे लागलं, किती दिवस बसवलं, वजन किती होतं. ती वही पालकांना दाखवा. त्या वहीने तुमची फी जितकी वाढेल तितकी दहा ट्रॉफ्यांनी वाढणार नाही.

आणि पालकांनो, पुढच्या महिन्यात नव्या बॅच सुरू होतील. फी विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा: स्पारिंगला एका प्रशिक्षकामागे किती मुलं, डोक्याला लागलं तर किती दिवस बंद, आणि माझ्या मुलाची लढत थांबवायचा अधिकार कोणाकडे. आकडा सांगितला, नाव सांगितलं, तर घासाघीस न करता पैसे भरा. "अहो, आमच्याकडे असं काही होत नाही" असं उत्तर आलं, तर तिथे मुलाला घालू नका.